बी साइडला उरलेली जागा

मोबाइलच्या काचेला तडा गेला होता, एवढंच निमित्त. मैलापूरला देवळामागच्या रस्त्यावर भाजी घेतली, मेट्रोच्या कामाचे निळे-पांढरे पत्रे चुकवत कच्चेरी रोडला आले आणि जे पहिलं दुकान दिसलं त्यात शिरले. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या बोळाला शटर लावलेलं. भिंतीभर कव्हरं, चार्जर, रबराच्या वासाच्या वायरी. आत साठी ओलांडलेले एक गृहस्थ, कपाळावर विभूतीचे पट्टे, चष्मा डोक्यावर. त्यांनी फोन घेतला, जुनी काच सोलून काढली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि धुळीचा शेवटचा कण जावा म्हणून ओठांचा चंबू करून तिरकी, बारीक फुंकर मारली. त्या फुंकरीवरून मी त्यांना ओळखलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच काउंटरवर, याच तिरक्या फुंकरीने ते टेपचं हेड साफ करायचे.

मी म्हटलं, "अण्णा, इथे रेकॉर्डिंग सेंटर होतं ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं नाही, पण मी "अभंग" एवढाच शब्द उच्चारल्यावर त्यांना माझी यादी आठवली. "महाराष्ट्रा. सिक्स्टी. साइड बी, कच्चेरी." म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट, मागच्या बाजूला मैफल. गिऱ्हाईक विसरायचं आणि कॅसेट लक्षात ठेवायची, ही त्यांची जुनी तऱ्हा. मला एवढा आनंद झाला की पुढचं मी विचार न करताच केलं. फोन त्यांच्याच हातात होता. तो मागून घेतला, दोन शब्द टाइप केले आणि तोच अभंग, त्याच गायकाचा, लावून त्यांच्यापुढे धरला. "बघा, आता सगळं इथेच मिळतं."

हा एक अभंग मला मिळवून द्यायला त्यांना तेव्हा तीन आठवडे लागले होते.

त्यांनी मान खाली घालून वीसएक सेकंद ऐकलं. मग म्हणाले, "हे ते नाही. आपल्या त्याच्यात देवळाची घंटा वाजते. ही दुसरी कच्चेरी." मी पडद्यावरची ओळ दाखवली, गाव होतं, साल होतं, सगळं माझ्या आठवणीशी जुळणारं. "इथे लिहिलंय की." "लिहिलं कोणी?" मला उत्तर देता येईना. त्यांनी "सरी" म्हणून विषय संपवला, नवी काच बसवली, अंगठ्याने मधला बुडबुडा कडेला सारत नेला आणि पैसे घेतले. तमिळमधलं हे "सरी" फार सोयीचं असतं. त्याचा अर्थ "बरं", "कळलं", "जाऊ द्या" आणि "आता निघा" यांपैकी काहीही होतो.

घरी येईपर्यंत मला दोन गोष्टी टोचत राहिल्या. त्यांना तो फोन दाखवायला नको होता, ही एक. आणि त्यांचं खरं की फोनचं खरं, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं, ही दुसरी.

आम्ही १९९६ साली मिरजेहून इथे आलो. त्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं, त्यामुळे शहर आणि मी एकदमच नव्या नावाला सरावलो. मिरजेच्या माणसाला मद्रास अगदीच परकं नसतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले आणि वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर गेले, ही हकिकत मी लहानपणापासून ऐकलेली. दर्ग्यात त्यांच्या कबरीपाशी वडील ती सांगायचे तेव्हा ते स्टेशन जगाच्या दुसऱ्या टोकाला असावं असं वाटायचं. इथे आल्यावर कळलं की ते चेंगलपट्टूच्या लोकलवरचं साधं स्टेशन आहे. आजही गाडी तिथे थांबली की मी बाहेर बघते. दिसण्यासारखं काही नसतं.

घर वेस्ट मांबलमला, तळमजल्यावर. वर घरमालकीणबाई. इथल्या रिवाजाप्रमाणे त्या "मामी". मला माझ्या खऱ्या मामीची आठवण येऊन सुरुवातीला तो शब्द तोंडातून निघत नसे. या मामी दर एकादशीला अभंग म्हणायच्या. तुकोबांचे, नामदेवांचे, चांगले खणखणीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्यापाशीच थबकले. चाल ओळखीची नव्हती, उच्चार ओळखीचे नव्हते, पण शब्द घरचे. वर गेले तर मामींच्या मांडीवर तमिळ लिपीतलं पुस्तक. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर, म्हणून छापणाऱ्यांनी अक्षरांच्या डोक्यावर बारीक २, ३, ४ असे आकडे घातलेले. मामी त्या आकड्यांवर बोट ठेवून महाप्राण सांभाळत होत्या. तंजावरच्या मराठी राजवटीपासून हा ओघ इकडे वाहतोय हे मी शाळेत शिकले होते, पण 'विठ्ठल'मधला 'ठ' आकडा लावून म्हणावा लागतो हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मामींनीच मला त्या मैफलीबद्दल सांगितलं. कुठल्याशा देवळातली कच्चेरी, शेवटी गायकाने अभंग घेतला आणि मामींच्या म्हणण्याप्रमाणे "सभा रडली". आपल्याकडे कचेरी म्हणजे तलाठ्याचे हेलपाटे, इथे कच्चेरी म्हणजे गाणं. आणि मैफलीच्या शेवटी जे हलकंफुलकं गातात त्याला इथे म्हणतात "तुक्कडा". म्हणजे आपला तुकडाच. तर तो तुकडा मला हवा होता. गायकाचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्याकडे आली ती कॅसेट, नीट बोलायचं तर, चोरीची होती.

रेकॉर्डिंग सेंटर म्हणजे काय, हे पस्तिशीच्या आतल्यांना सांगावं लागेल. या शहरात तेव्हा गल्लोगल्ली असायची. आपण वहीच्या पानावर यादी करून न्यायची, इळैयराजाची अमुक, रहमानची तमुक, आणि ती यादी नि कोरी कॅसेट देऊन यायची. चार दिवसांनी कॅसेट भरून मिळायची, आतल्या कार्डावर गाण्यांची नावं बारीक अक्षरात. कंपन्यांच्या दृष्टीने हा सरळ दरोडा होता आणि दुकानदाराच्या दृष्टीने सेवा. अण्णांकडे दोन डेक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि छतापर्यंत एलपी. त्यांतल्या कित्येक त्यांनी पोरवयात मूर मार्केटमधून जुन्या उचललेल्या. १९८५ साली मूर मार्केट जळालं त्याची गोष्ट ते अशी सांगत, जणू त्यांच्याच घरातलं कुणी गेलं होतं. त्यांचे नियम कडक. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायचेच नाहीत, तिची टेप पातळ असते, गुंतते, आणि मग गिऱ्हाईक भांडायला येतं. यादी वाचताना एखाद्या गाण्यावर पेन थांबायचं. "हे कशाला?" मला आवडतं म्हणून, असं म्हणायची सोय नव्हती. माझ्या पहिल्या यादीतली तीन गाणी त्यांनी आपल्या मनाने बदलली. भांडायला लागणारं तमिळ मला येत नव्हतं आणि बदललेली गाणी, कबूल करायला हवं, बरी निघाली.

सगळ्यात गंमत उरलेल्या जागेची. यादीतलं संपलं आणि साइडला दोन-अडीच मिनिटं शिल्लक राहिली, तर ती कोरी सोडणं अण्णांना पाप वाटायचं. तिथे ते स्वतःच्या पसंतीचं काहीतरी भरायचे. ते कधीच पुरं व्हायचं नाही. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच खट्‌ आवाज होऊन टेप संपायची. एका गाण्याचा तो तुटका भाग मी इतक्यांदा ऐकला आहे की आज रेडिओवर ते गाणं लागलं की त्या जागी माझा श्वास अडतो. गाणं पुढे जातं आणि मला ते उगाच लांबवल्यासारखं वाटतं.

त्या अभंगासाठी मी तीन वेळा गेले. दर वेळी "पुढच्या आठवड्यात वांगो," म्हणजे या. कुणा निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी मूळ रीळ होतं. ते बाहेर देत नसत, म्हणून अण्णा त्यांच्या घरी डेक घेऊन गेले, हे मला नंतर कळलं. जादा पैसे घेतले नाहीत. आणि कॅसेट देताना काय म्हणाले, तर "व्हॉल्यूम चारच्या वर नको."

पण मी अण्णांच्या दुकानावर लुब्ध होते असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला तिथे जायचा कंटाळा यायचा. नवखी बाई, त्यात भाषा येत नाही. काउंटरशी टेकलेली दोन-चार माणसं कायम रागाबद्दल वाद घालत असायची आणि मी आले की गप्प व्हायची. म्हणून स्पेन्सर प्लाझामध्ये म्युझिकवर्ल्डला पहिल्यांदा गेले तेव्हा सुटल्यासारखं झालं. १९८३च्या आगीत जुनं स्पेन्सर जळालं, त्या जागी हा मॉल उभा राहिलेला. बाहेर माउंट रोडचं ऊन, आत काचेचा दरवाजा ढकलला की गारवा अंगावर यायचा. भिंतीला हेडफोन टांगलेले. कानाला लावा, बटण दाबा, अर्धा तास ऐका, काही न घेता निघून जा. कुणी "हे कशाला?" विचारत नव्हतं. हिंदी, इंग्लिश, तमिळ सगळं मांडलेलं आणि सगळ्याला सारखाच उजेड. मुलगी तीन वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन एक हेडफोन तिच्या कानाला नि एक माझ्या, अशी आम्ही तिथे कितीतरी दुपारी काढल्या. तसंच नुंगमबाक्कमचं लँडमार्क. १९८७ साली तळघरात सुरू झालेलं, पुस्तकं, कॅसेटी, भेटकार्डं सगळं एकत्र. पायऱ्या उतरतानाच नव्या कागदाचा वास यायचा. त्यांची १५ ऑगस्टची क्विझ म्हणजे शहरातला सणच. अण्णांकडे जायची वाट मी तेव्हा सोडली. कुणी मला ओढून नेलं नव्हतं. आपल्या पायांनी, एसीसाठी गेले.

मग म्युझिकवर्ल्डही गेलं. २०१३ साली त्यांनी कोलकात्यातल्या पार्क स्ट्रीटचं शेवटचं दुकान मिटलं त्याच्या बऱ्याच आधी इथल्या भिंतीवरचे हेडफोन बंद पडायला लागले होते. एका कानात आवाज, एका कानात नाही. कॅसेटींची जागा सीडींनी घेतली, सीडींची खेळण्यांनी आणि मोबाइलच्या पाउचांनी. लँडमार्कचं तळघरही बंद झालं. लोक नव्या मॉलकडे सरकले, एक्स्प्रेस अव्हेन्यू, मग वेळच्चेरीचं फिनिक्स. स्पेन्सर अजून उभं आहे. मागच्या वर्षी मी मुद्दाम आत जाऊन आले. सरकते जिने थांबलेले, शटरं ओढलेली, आणि मधूनच एखाद्या काश्मिरी शालवाल्याचं दुकान उजळलेलं, शालवाला दारात खुर्ची टाकून बसलेला. जिथे हेडफोन होते ती जागा मला नक्की सापडली नाही.

कपड्यांचं, भांड्यांचं तसं झालं नाही, हे बघून मला नवल वाटतं. मांबलम स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडे उतरलं की रंगनाथन स्ट्रीट. तिथे आजही दिवाळीआधी चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. पाँडी बझारचे फेरीवाले हलवले, २०१९ साली तिथे रुंद पदपथ, बाकं आणि दिवे आले, पण साड्यांची दुकानं आहेत तिथेच आहेत. साडी बोटांत चुरगळून बघावी लागते. वाद्यांचंही तेच. माउंट रोडवरचं म्युझी म्युझिकल १८४२ पासून या ना त्या नावाने चालू आहे, मूळ काम पियानो दुरुस्तीचं. मी मिरजेची असल्याचा माज मिरवत तिथे एकदा तंबोरा बघायला गेले होते. आमच्या मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा, इथला तंजावरी तंबोरा फणसाच्या लाकडाचा. उचलला तर चांगलाच जड. दुकानातल्या माणसाने मला तो छेडू दिला आणि मग विचारलं, "कुठल्या गावच्या?" मिरज म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली. एव्हीएमसारखा थोरला स्टुडिओ ज्यांनी उभारला, त्या मेय्यप्पनांची सुरुवातही सरस्वती स्टोअर्स या ग्रामोफोन रेकॉर्डच्या दुकानातून झालेली. म्हणजे एके काळी या शहरात रेकॉर्ड विकता विकता माणूस सिनेमापर्यंत पोचत होता. अण्णा स्क्रीनगार्डपर्यंत पोचले.

अण्णांना फोन दाखवला त्या दिवशी रात्री मी माळ्यावरची पेटी काढली. २०१५च्या डिसेंबरात अड्यार नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात कमरेएवढं आलं तेव्हा खालच्या फळीवरच्या सगळ्या कॅसेटी गेल्या. चिखल वाळल्यावर टेप बिस्किटासारखी मोडत होती, पोत्यात भरून कचऱ्यात टाकल्या. माळ्यावर होत्या म्हणून दहा-बारा वाचल्या, त्यांत ही. कार्डावर अण्णांचं अक्षर, शाई तपकिरी झालेली. टेपरेकॉर्डर मात्र मुका. बटण दाबलं की मोटर गुणगुणायची आणि चाकं फिरायची नाहीत.

रिची स्ट्रीटला गेले. तिथे पहिल्या चार दुकानांत "टेपरेकॉर्डर" म्हटल्यावर पोरं एकमेकांकडे बघून हसली. पाचव्याने मागच्या गल्लीतल्या जिन्याखाली पाठवलं. तिथे एक म्हातारा सोल्डरिंगच्या धुरात बसलेला. त्याने झाकण उघडलं आणि मला बोलावून दाखवलं: आतला रबरी बेल्ट विरघळून डांबर झाला होता, पुलीला काळी चिकट लाळ लागलेली. त्याने ती कापसाने पुसली, पुसतच राहिला, त्याची बोटं काळी झाली, माझ्या पिशवीवरही एक डाग पडला, तो अजून निघालेला नाही. मग एका डब्यातून वेगवेगळ्या मापांचे बेल्ट काढून एकेक ताणून बघितले. तिसरा बसला. एकशे ऐंशी रुपये.

रात्री सगळे झोपल्यावर लावलं. व्हॉल्यूम चारवर. आधी सुसाटा, पावसासारखा, आणि मग गाणं, पाव पट्टी चढं. बेल्ट थोडा घट्ट असावा. तंबोऱ्यामागे माणसांची कुजबुज, कुणीतरी खोकलं. पहिलं कडवं झालं. घंटा नाही. दुसऱ्याला व्हायोलिनने ओळ परत घेतली आणि मला वाटलं, अण्णांचंच चुकलं. थोडं बरंही वाटलं, हे लपवत नाही. आणि मग तिसऱ्या कडव्याच्या आधी, गायक श्वास घेतोय एवढ्या फटीत, लांबून एक घंटा. पुन्हा एक. ताल सोडून, आपल्याच लयीत, कुणीतरी दर्शनाला आलेल्याने वाजवलेली. गायक क्षणभर थांबला, हसला असावा, आणि तिसरी घंटा पडते न पडते तोच त्याने सम धरली. ही जागा मी शंभरदा ऐकली असणार. पार विसरले होते.

अभंग संपला. सुसाटा. आणि मग, अर्थात, उरलेल्या जागेत अण्णांच्या पसंतीचं गाणं, दुसऱ्या कडव्यापर्यंत. खट्‌.

दोन दिवसांनी मुद्दाम मैलापूरला गेले. कॉफी दळणाऱ्या दुकानापासून वास सुरू झाला, तो रस्ता ओलांडेपर्यंत सोबत होता. अण्णांच्या काउंटरपुढे कॉलेजातला एक मुलगा फोन सोडवून घ्यायला अधीर उभा, अण्णा फुंकर मारण्याच्या बेतात. मी म्हटलं, "अण्णा, घंटा आहे. तिसऱ्या कडव्याच्या आधी. तीनदा."

"सरी," ते म्हणाले. काच बसवली, बुडबुडा सारला, फोन मुलाच्या हातात दिला. मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन विचारलं, "ऐकलं कशावर?"

मी टेपरेकॉर्डरचं सांगितलं, बेल्टचं, रिची स्ट्रीटच्या जिन्याखालच्या म्हाताऱ्याचं.

"किती घेतले?"

"एकशे ऐंशी."

त्यांनी मान हलवली. "फार घेतले. आणि बेल्ट एक नंबर लहान दिलाय. गाणं चढं वाजत असेल."